घोंगडी पांघरलेला साबण



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'साबण आणि लोकर' असे सांगितले. पलीकडून क्षणभर काही उत्तर आले नाही. मग त्यांनी अदबीने विचारले, "म्हणजे ग्रामोद्योगाविषयी का?" मी म्हटले, "नाही, आंघोळीविषयी." काल याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले आणि उद्या परराष्ट्रधोरणावर आहे. या दोहोंच्या मधल्या दिवशी श्रोत्यांनी आंघोळ करून घेतली तर बिघडले कुठे, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांचे आभार मानतो आणि विषयाला हात घालतो.

ही वस्तू पाहा. (वक्त्यांनी मुठीएवढी एक करडी वस्तू श्रोत्यांना दाखवली.) मागच्या बाकांवरून ती बटाट्यासारखी दिसत असेल, पण हा साबण आहे. नेहमीचा, शंभर ग्रॅमचा, अंगाला लावायचा साबण. मात्र त्याच्यावर लोकरीचे कवच आहे. ते विणलेले नाही, शिवलेले नाही, चिकटवलेलेही नाही. साबणाभोवती कुठेही जोड सापडणार नाही. अंड्याला कवच असावे तसे ते आहे. पाण्यात भिजवून अंगावर फिरवला की आतला साबण लोकरीतून बाहेर येतो. लोकरीच्या पोटात हवा असते, म्हणून फेस भरपूर होतो. अंग घासायला वेगळे फडके नको, की घोसाळ्याची शीर नको. साबण जसजसा झिजतो तसतसे कवचही त्याच्याबरोबर लहान होत जाते; आजारातून उठलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखे ते लोंबत नाही.

असा पहिला साबण माझ्या घरी आला तो दोन वर्षांपूर्वी. माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये असते. तिकडे मेंढ्या पुष्कळ, आणि असले साबण हाताने करून विकणाऱ्या बायकाही पुष्कळ. येताना तिने दोन आणले. आमच्या सौभाग्यवतींनी एक उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "तिकडे साबणालासुद्धा थंडी वाजते का गं?" किंमत ऐकल्यावर त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आपल्या पैशांत सहाशे-सातशे रुपये पडले होते.

मी मात्र तो वापरू लागलो, आणि माझा त्यावर लोभ जडला. कारण सांगतो. मी आता पंचाहत्तरीत आहे. न्हाणीघरात ओला साबण हातातून निसटतो आणि माणूस त्याच्यामागे वाकतो, हा तरुणांना विनोदाचा विषय वाटतो. आमच्या वयात तो मांडीच्या हाडाचा विषय असतो. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांना तर गुळगुळीत वडी धरून ठेवणे हीच शिक्षा. लोकरीतला साबण निसटत नाही; ओला झाला तरी हातात बसतो. परदेशी दुकानात त्याच्या वेष्टनावर सुगंधाचे आणि मऊपणाचे पुष्कळ गुणगान छापलेले असते. पण माझ्या मते त्याचा खरा गुण हा एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

मी जन्मभर माध्यमिक शाळेत शास्त्र शिकवले. तेव्हा ही वस्तू कशी केली हे कळल्यावाचून मला चैन पडेना. मुलगी म्हणाली, "काही नाही बाबा, साबणावर लोकर गुंडाळायची, गरम पाणी घालायचे आणि चोळायचे." इतके सोपे आहे म्हटल्यावर मी त्याच दिवशी बाजारात गेलो. लोकरीचा एक गुंडा आणला, धागा उकलून उकलून पिंजला, साबणावर गुंडाळला आणि चोळायला बसलो. पाऊण तास चोळले. साबण निम्मा झाला. लोकर होती तशीच सुटी राहिली. फक्त अतिशय स्वच्छ झाली.

मग मला जे आधी करायला हवे होते ते मी केले. त्या धाग्याचा एक तुकडा चिमट्यात धरून काडी लावली. तो वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला. आपण बाजारात लोकर म्हणून जी मागतो आणि दुकानदारही लोकर म्हणून जी देतो, ती बहुतेक अॅक्रिलिक असते. म्हणजे मेंढीशी तिचा काही संबंध नसतो, संबंध खनिज तेलाशी असतो. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. ही परीक्षा लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते अॅक्रिलिकवर सात जन्मांत होणार नाही. खऱ्या लोकरीतही एक जात अशी आहे की जिच्यावर यंत्रात धुता यावी म्हणून कारखान्यात प्रक्रिया केलेली असते. तीही येथे निरुपयोगी.

आता मला थोडे घरातले सांगावे लागेल. १९६७ साली मी कॉलेजसाठी पुण्यास निघालो तेव्हा आईने मला एक स्वेटर विणून दिला. पुण्यातला हिवाळा तिने पाहिला नव्हता, पण ऐकला होता. राखी रंगाचा, गळ्याशी दोन वेण्या असलेला. तो मी वीस वर्षे घातला, पुढे पेटीत ठेवला. आई १९९१ साली गेली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी तो बाहेर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून तो मी स्वतः, घरात कोणाला न विचारता, बंबातल्या कढत पाण्यात साबणाच्या चुऱ्यासह भिजवला आणि धुण्याच्या दगडावर मनापासून चोळला. पुरुषाने वर्षातून एकदा धुणे मनावर घेतले म्हणजे जे व्हायचे ते झाले. पाण्यातून बाहेर आला तो सहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर. जाड, टणक, पुठ्ठ्यासारखा. गळ्याशी ज्या वेण्या होत्या त्या बोटांना जेमतेम लागत. डोळ्यांना आईचा एकही टाका दिसेना.

तो वाळत घालून मी त्याच दुपारी शाळेत गेलो. सातवीच्या वर्गाला प्राण्यांपासून मिळणारे धागे शिकवायचे होते, आणि वर्षानुवर्षे सांगत आलो तेच वाक्य मी पुन्हा सांगितले: लोकर गरम पाण्यात आटते. घरी स्वेटर दोरीवर होता आणि वर्गात मास्तर चुकीचे शिकवीत होता. हे मला पुढे तीस वर्षांनी, या साबणाच्या निमित्ताने कळले.

लोकर आटत नाही, श्रोतेहो. त्या स्वेटरमधला एकही केस सुताएवढासुद्धा आखूड झालेला नव्हता. मग झाले काय? मेंढीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गुळगुळीत दिसत नाही. त्याच्यावर खवले असतात. आपल्या घरावरची मंगलोरी कौले जशी एकावर एक बसवतात, तसे. आणि सगळ्या खवल्यांची तोंडे एकाच बाजूला, म्हणजे केसाच्या टोकाकडे असतात. त्यामुळे बुडाकडून टोकाकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत लागतो, उलटे फिरवले तर अडतो. आपल्यापैकी जे गवतातून चालले आहेत त्यांना हे सूक्ष्मदर्शकावाचून ठाऊक आहे. धोतराला लागलेले कुसळ आपण चालू तसे वर वरच चढते. कितीही झटका, ते आल्या वाटेने परत जात नाही. लहानपणी गव्हाची ओंबी उलटी धरून सदऱ्याच्या बाहीत सोडायची आणि ती खांद्यापर्यंत चढताना पाहायची, हा खेळ खेड्यातल्या मंडळींनी केला असेल. लोकरीचा प्रत्येक केस ही तशी एक ओंबी आहे.

कोरड्या लोकरीत या ओंब्या स्वस्थ पडून असतात. ऊन पाण्यात केस फुगतो, त्याला लवचीकपणा येतो आणि खवले थोडे उचलले जातात. साबणाने वंगण मिळते, शिवाय साबण क्षारधर्मी असल्यामुळे केस आणखी फुगतो. आता तुम्ही दाबले आणि सोडले, की प्रत्येक केस किंचित पुढे, म्हणजे आपल्या बुडाच्या दिशेने सरकतो. परत यायला जातो तर शेजारच्याचे खवले त्याला अडवतात. पुन्हा दाबले, पुन्हा पुढे. हजारो केस, प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला, आणि सगळे पुढेच जाणारे. पाच मिनिटांत अशी गुंतागुंत होते की ती जगातल्या कोणत्याही फणीला सुटत नाही. केस तेवढेच राहतात. त्यांच्यामधली मोकळी जागा तेवढी नाहीशी होते. दूध विरजल्यावर दह्याचे पुन्हा दूध होत नाही, तसेच हे आहे. म्हणून या क्रियेला लोकर 'जमणे' हाच शब्द मला बरा वाटतो. कापसाच्या तंतूला खवले नसतात, म्हणून कापूस कितीही चोळा, जमत नाही. माणसाच्या केसाला असतात. विंचरला नाही तर त्याचेही असेच होते, आणि मग एखाद्या बाईच्या डोक्यात जट झाली की लोक तिला देवीची म्हणतात. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

अशा जमवलेल्या लोकरीला नमदा म्हणतात. नमदा ही माणसाने केलेल्या अगदी जुन्या वस्त्रांपैकी एक वस्तू. सैबेरियाच्या दक्षिणेस अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठलेली थडगी सापडली. त्यांत अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंगीत नमदे रंगासकट टिकून राहिलेले आहेत आणि ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ठेवलेले आहेत. मंगोलियातल्या लोकांची गोल घरेच्या घरे नमद्याची असतात. काश्मिरी नमदा आपण प्रदर्शनात पाहतो. युरोपात याच्या शोधाचे श्रेय दंतकथेने संत क्लेमेंट यांना दिले आहे: लांबच्या प्रवासात पाय सोलले म्हणून त्यांनी चपलेत लोकर घातली आणि मुक्कामी पोचल्यावर पाहतात तो तिचा नमदा झालेला. कथा खरी असो वा नसो, रसायनशास्त्र बरोबर आहे. ऊब, घाम आणि दाब, सगळे साहित्य त्या चपलेत हजर होते.

पण मला नमदा पाहायला अल्ताईला जायचे कारण नव्हते, हे मला फार उशिरा सुचले. कोल्हापूरकडे धनगरांच्या घरी जेन म्हणून एक जाड अंथरूण असे. ते मागावर विणत नसत; पिंजलेली लोकर पसरून, भिजवून, गुंडाळून, हातापायांनी मळून करीत. लहानपणी अशा जेनावर मी झोपलो आहे. घोंगडी वेगळी. ती हातसुताची, मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. तेव्हा व्याख्यानाच्या शीर्षकात मी साबणाला घोंगडी पांघरली आहे ती शास्त्रशुद्ध नव्हे. 'जेन पांघरलेला साबण' असे छापले असते तर आपण किती जण आला असता, हा प्रश्न आहे.

तर खरी लोकर हवी म्हणून मी धनगराच्या शोधात निघालो. फार फिरावे लागले नाही. उन्हाळ्यात वारणेच्या काठी शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात. असाच एक कळप उतरला होता आणि त्यांची कातरणी नुकती झाली होती. बांधाला लोकरीचे ढीग पडले होते. काळे, तपकिरी, थोडे पांढरे. कळपाचे मालक माझ्याहून थोडे लहान, डोक्याला मुंडासे. मी भीत भीत विचारले, "मामा, थोडी लोकर विकत द्याल का?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्याकडे वारा विकत मागत होतो. म्हणाले, "इकत कशाला, मास्तर? न्ह्या की पोतंभर. कातरणाऱ्याची मजुरीबी निघत न्हाई हिच्यात. पावसाच्या आत वगळीत टाकायचीच हाय." मी विचारले, "मग कातरता कशाला?" ते म्हणाले, "मेंढराला उकडतंय न्हवं!"

हे उत्तर मी अजून विसरलो नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत. आपली दख्खनी मेंढी दगडाधोंड्यांत हिंडणारी, दुष्काळ सोसणारी. तिची लोकर आखूड, राठ आणि बहुतेक काळी. एका मेंढीला वर्षाकाठी अर्धा-पाऊण किलो. तिच्या घोंगड्या होत, जेन होत, जाडीभरडी कांबळी होत. पुढे गिरणीची आणि कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटे स्वस्त झाली, रेनकोट आले, आणि मेंढीचा भाव मटणावर ठरू लागला. जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी उंच, वजनदार, अंगावर लोकर फारच थोडी. धनगर आता तिचा मेंढा कळपात सोडतात. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. जिला गिऱ्हाईक नाही ती लोकर मेंढीने तरी का वाहावी? पण त्यामुळे असे झाले आहे की माझी मुलगी मेंढीच्या लोकरीतला साबण सात हजार किलोमीटरवरून विकत आणते, आणि वारणेकाठची लोकर वगळीत जाते.

पोते घरी आणले. त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात काय वास येत होता, याची चौकशी कृपा करून सौभाग्यवतींकडे करू नये.

आता कृती सांगतो. लोकर धुणे हा पहिला आणि किचकट भाग. गोखरू, कुसळे, लेंड्या हाताने वेचून काढा. मग कोमट पाण्यात रिठ्याचा काढा घालून त्यात लोकर नुसती बुडवून ठेवा. चोळू नका! चोळलीत तर ती तिथेच जमेल आणि हातात एक काळा गोळा येईल. मला आला आहे. अर्ध्या तासाने अलगद उचला, चाळणीत निथळा, पुन्हा तितक्याच कोमट पाण्यात बुडवा. तीन-चार पाण्यांनी मेंढीच्या अंगचा तेलकटपणा जातो. सावलीत वाळवा आणि पिंजा. पिंजारी आता कुठे मिळणार? कुत्र्याला विंचरायचे तारेचे ब्रश मिळतात, तसे दोन घ्या आणि लोकर त्यांच्यामध्ये ओढा. पाच-सहा वेळा ओढल्यावर ती म्हातारीच्या कापसासारखी हलकी होते.

राठ लोकरीचे कवच अंगाला टोचते, हे मान्य करतो. त्याला धनगरांकडेच तोड आहे. कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, ती मऊ असते. जावळाच्या घोंगडीला पूर्वीपासून मान आहे तो त्यामुळेच. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीचा केस वीसेक मायक्रॉन जाडीचा, आणि आपला सर्वसाधारण दख्खनी केस त्याच्या दुपटीहून जाड. जावळ या दोहोंच्या मधले. मी आत राठ लोकर आणि वर जावळ असे दोन थर देतो. नुसत्या राठ लोकरीचेही साबण करतो, पण ते टाचा घासायला. वज्रीला रजा मिळते.

साबण निवडताना वेष्टन वाचा. त्यावर टी. एफ. एम. म्हणून एक आकडा असतो. साबणात स्निग्धाम्लांचा अंश किती, हे तो सांगतो. आपल्या भारतीय मानकात पहिल्या प्रतीच्या साबणाला तो किमान ७६ टक्के लागतो. असा साबण घट्ट असतो आणि पुरतो. पारदर्शक ग्लिसरीनचा घेऊ नका, तो चोळता चोळता विरघळून जाईल. वडीचे कोपरे मात्र सुरीने गोल करा, कारण टोकदार कोपऱ्यावर लोकर पातळ होते आणि तिथून साबण डोके बाहेर काढतो. निघालेला चुरा टाकू नका, तो गरम पाण्यात घाला.

काही उत्साही भगिनी विचारतील की साबणही घरीच का करू नये? करता येतो. पण त्याला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो ज्या घरात मुले आहेत तिथे आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत मी एक प्रयोग दाखवीत असे: कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात लोकरीचा तुकडा टाकून उकळायचा. काही मिनिटांत तुकडा दिसेनासा होतो, विरघळून जातो. लोकर आणि आपली कातडी यांच्या घडणीत फारसे अंतर नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

एका वडीला दहा ते पंधरा ग्रॅम लोकर पुरते. निम्मी लोकर वडीवर उभी गुंडाळा, निम्मी आडवी. केसांची तोंडे एकमेकांना छेदली पाहिजेत, नाहीतर ते एकमेकांत शिरणार कसे? तान्ह्या मुलाला दुपट्यात बांधतात तितके घट्ट गुंडाळा. वर जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा पुरचुंडीसारखा बांधा, म्हणजे लोकर जागची हलणार नाही. हाताला सोसेल इतके कढत पाणी थोडे थोडे वर घाला. आणि आता धीर धरा. पहिली तीन-चार मिनिटे नुसते दाबायचे, हातात पेरू पिकला आहे का पाहतो तसे. येथेच बहुतेकांचे बिघडते. एकदम रगडायला गेले की लोकर साबणावरून घसरते, सुरकुत्या पडतात आणि त्या तशाच जमतात. फेस फार झाला तर निपटून काढा. फेसात केस तरंगतात, एकमेकांना भेटत नाहीत. मग हलक्या हाताने सगळ्या बाजूंनी चोळा, पाणी निवले की पुन्हा कढत घ्या, आणि शेवटची पाच मिनिटे जोर लावा. मऊ लोकर पंधरा-वीस मिनिटांत जमते. दख्खनी लोकरीला अर्धा तास आणि वर थोडा संयम लागतो.

झाले की नाही हे कसे ओळखायचे? पुरचुंडी सोडून वरची लोकर चिमटीत धरा. सुटे केस वर आले तर झालेले नाही. सबंध साल उचलल्यासारखी लोकर वर आली तर झाले. गार पाण्यात बुडवून काढा, दाबून निथळा आणि वाऱ्यावर ठेवा. एक-दोन दिवसांत वाळतो. वापरतानाही खाली भोके असलेली साबणदाणी हवी. पावसाळ्यात तो दमट राहिला तर न्हाणीघरात मेंढरू बांधल्यासारखा वास येतो. घरातल्या प्रत्येकाचा साबण निराळा असावा, आणि मेंढीचे रंगच तीन असल्यामुळे ओळखायला सोपे जाते. आमच्याकडे काळा माझा, तपकिरी सौभाग्यवतींचा. तान्ह्या मुलांना आणि ज्यांच्या कातडीला खाज आहे त्यांना तो लावू नये.

आता हिशोब. वडीला सरासरी बारा ग्रॅम धरले तर एका मेंढीच्या वर्षाच्या लोकरीत चाळीस-पन्नास साबण होतात. आपल्या या गावात दहा हजार घरे आहेत असे समजा, आणि प्रत्येक घराने वर्षाला सहा साबण वापरले, तर बारा-पंधराशे मेंढ्यांची लोकर लागेल. म्हणजे कळप किती? मोठे असतील तर सहा-सात. हे गणित मी त्या मामांना सांगितले. वाटले, ते खूश होतील. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारले, "आन् बाकीच्यास्नी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. सत्तावीस लाख मेंढ्यांचा प्रश्न साबणाने सुटत नाही, आणि सुटतो असे या व्यासपीठावरून सांगून मी टाळ्या घेतल्या तर ती लबाडी होईल. त्याला गाद्या, खोगिरे, घराच्या भिंतींतली ऊब राखणारे थर, असली मोठी गिऱ्हाइके लागतील. पण यंदाच्या कातरणीला मी त्यांच्याकडून दहा किलो जावळ घेतले आणि पैसे मोजून दिले. घेताना ते लाजले. त्यांच्या घरातल्या दोघी सुना आता साबण करतात. माझ्यापेक्षा चांगले करतात, कारण लोकर हाताला कधी 'धरते' ते त्यांच्या हातांना आधीपासून ठाऊक होते. मला ते शिकायला पन्नास वड्या लागल्या.

स्वेटर राहिला. जमलेली लोकर कापली तरी उसवत नाही, म्हणून तिकडच्या बायका असे बिघडलेले स्वेटर कापून साबणाच्या पिशव्या शिवतात, असे मुलीने सांगितले. मी कात्री घेऊन बसलोही होतो. बाहीच्या आतल्या बाजूला हात घातला तर तिथे, जिथे चोळणे कमी पडले होते, आईच्या टाक्यांची बोटभर रांग जशीच्या तशी शाबूत होती. कात्री ठेवून दिली. तो या टेबलावर आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी बाही उलटून पाहावी.

त्याच्या शेजारी दोन परातींत कढत पाणी आहे, जावळ आहे, आणि गोल केलेल्या बारा वड्या आहेत. त्या सुनांपैकी एक, माझ्या आग्रहावरून, आज येथे आल्या आहेत आणि माझ्या हातून काही चुकले तर सुधारणार आहेत. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण व्हायचे आहे. त्यांची क्षमा मागून एवढेच सुचवतो, की ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी आधी पुढे यावे. पाणी निवत चालले आहे.